मालकाची दारूबंदी आणि मजुराची शुद्ध

मजूर पितो म्हणून दरिद्री राहतो, हे वाक्य जेथे जेथे गिरण्यांची धुराडी उभी राहिली तेथे तेथे उच्चारले गेले आहे. आपल्याकडे ते धुराड्यांहूनही जुने आहे. मजुराच्या जागी जातीचे नाव घातले की काम भागते. या वाक्याची सोय अशी की, ते एकदा उच्चारले म्हणजे मजुरी किती, कामाचे तास किती, राहायला जागा कसली, असले प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही. दारिद्र्याचे सगळे खापर दरिद्र्याच्याच माथी फुटते. हे वाक्य उलटे करून, म्हणजे माणसाला ज्या परिस्थितीत ठेवले आहे ती परिस्थितीच त्याला पाजते असे, ज्यांनी छापील पुस्तकात मांडले त्यांच्यात एक चक्क गिरणीमालक होता. रॉबर्ट ओवेन हे त्याचे नाव. आपल्या पाठ्यपुस्तकांत हा गृहस्थ ‘सहकाराचा जनक’ म्हणून दोन ओळींत येतो आणि जातो. १८१३ ते १८१६ या काळात प्रसिद्ध झालेले त्याचे ‘अ न्यू व्ह्यू ऑफ सोसायटी’ हे चार निबंधांचे पुस्तक आपल्या कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी वाचले पाहिजे असे मला वाटते. मात्र ते हात जोडून वाचू नये. आपल्या हाताला त्यातले काय लागते आणि कोठे ते आपल्याच हातावर छडी मारते, हे तपासत वाचले पाहिजे.

ओवेन जन्माने मालक नव्हता. वेल्समधील न्यूटाउन या लहान गावी, खोगिरे बनविणाऱ्या आणि लोखंडी सामान विकणाऱ्या माणसाच्या घरी तो १७७१ साली जन्मला. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली. कापडाच्या दुकानांतून उमेदवारी करीत तो मँचेस्टरला पोचला आणि ऐन विशीत पाचशे माणसांच्या सूतगिरणीचा व्यवस्थापक झाला. १७९९ साली त्याने व त्याच्या भागीदारांनी स्कॉटलंडमधील क्लाइड नदीच्या काठची न्यू लॅनार्क येथील गिरणी डेव्हिड डेल यांच्याकडून साठ हजार पौंडांना विकत घेतली. त्याच वर्षी डेल यांच्या मुलीशी त्याचे लग्न झाले आणि १ जानेवारी १८०० पासून गिरणीचा कारभार त्याच्या हाती आला. वस्ती दोन हजारांच्या आसपास. त्यात चार-पाचशे मुले एडिंबरो आणि ग्लासगोच्या अनाथालयांतून कामासाठी आणलेली.

गिरणीत आलेली बाकीची माणसे कोण होती हे ओवेन दुसऱ्या निबंधात सांगतो, आणि प्रामाणिकपणे सांगतो. गावात किंवा शेतावर ज्याचे कसेबसे भागत होते तो माणूस दिवसभर गिरणीत कोंडून घ्यायला तयार नव्हता. जे आले ते उखडलेले आले, दुसरा थारा नसल्यामुळे आले. कोकणातून आणि देशावरून परळ-लालबागला आलेल्या माणसांची कहाणी ज्यांना घरातूनच ठाऊक आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. या वस्तीत चोरी सर्रास चाले, दारू सर्रास चाले. पण ओवेन दारूचा विचार करताना नुसता पिणाऱ्याकडे बघत नाही, तो दुकानाकडे बघतो. पुढे १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने लिहिले आहे की, वस्तीतल्या किरकोळ दुकानांतून सर्वत्र दारू विकली जाई आणि सगळा माल उधारीवर, चढ्या भावाने मिळे. म्हणजे ज्या वहीत मीठ-पीठ मांडले जाई त्याच वहीत दारूही मांडली जाई. मजुरी हातात पडण्यापूर्वीच तिचा मालक ठरलेला असे. उधारीची वही आणि दारूचे माप एकाच माणसाच्या हाती असले म्हणजे काय होते, हे आपल्या तालुक्याच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले आहे.

यावर त्या काळचे दोन उपाय ठरलेले होते. पाद्र्याचा उपदेश आणि न्यायाधीशाचा तुरुंग. ओवेनने दोन्ही बाजूला ठेवले. त्याने वस्तीत स्वतःचे दुकान काढले. चांगला माल घाऊक भावाने रोखीने आणून जवळजवळ खरेदीच्याच किमतीला देऊ लागला. त्यामुळे मजुरांच्या खर्चात शेकडा पंचवीस इतकी बचत झाली असा त्याचा हिशेब आहे. घरांच्या लगतचे गुत्ते त्याने हळूहळू दूर केले. प्यालेल्या माणसाला प्यालेला असताना कोणी बोलायचे नाही. उतरल्यावर, अंग दुखत असताना, त्याच्याशी शांतपणे बोलायचे, असा त्याचा शिरस्ता होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे काही वर्षांत दारू जवळजवळ हटली आणि एकेकाळचे अट्टल पिणारे शुद्धीत राहू लागले. मालकाचे स्वतःच्या गिरणीबद्दलचे म्हणणे आहे, तेव्हा त्यातून काही टक्के वजा करावेत. तरी न्यू लॅनार्क पाहायला जगभरचे लोक येत होते आणि पाहून गेलेल्यांपैकी अनेकांनी वस्तीच्या टापटिपीबद्दल लिहून ठेवले आहे, एवढे खरे.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती दुकानाची किंवा उपदेशाची गोष्ट नव्हे. मजूर सुरुवातीची कित्येक वर्षे ओवेनवर विश्वास ठेवीत नव्हते. परका माणूस, बोली निराळी, सुधारणेच्या नावाखाली काम वाढवून घेईल ही भीती. तशात अमेरिकेने आपल्या मालाची निर्यात रोखली. कापूस महाग झाला, गिरण्या बंद पडू लागल्या, मालकांनी मजूर काढून टाकले. ओवेनने यंत्रे चार महिने थांबवली आणि यंत्रे स्वच्छ ठेवण्यापुरते काम देऊन सर्वांना पूर्ण मजुरी दिली. सात हजार पौंडांहून अधिक रक्कम त्यात गेली. मजुरांची मने त्यानंतर वळली असे तो स्वतःच म्हणतो. आता ‘मजुराच्या हाती पैसा आणि रिकामा वेळ आला की तो पितो’ या सिद्धान्ताप्रमाणे त्या चार महिन्यांत न्यू लॅनार्क दारूत बुडून जायला हवे होते. तसे झाल्याची तक्रार ओवेनने कोठे केलेली नाही. उलट सुधारणेला खरी वाट तेथून मिळाली. उद्याच्या भाकरीची शाश्वती आणि आजची दारू यांचे नाते काय असते याचा यापेक्षा चांगला पुरावा मालकवर्गाच्या दप्तरात क्वचितच सापडेल.

ओवेनचे तत्त्वज्ञान थोडक्यात असे: माणसाचे चारित्र्य माणूस स्वतः घडवीत नाही, ते त्याच्यासाठी घडविले जाते. लहानपणापासून ज्या परिस्थितीत त्याला वाढविले जाते ती त्याला घडवते. तेव्हा दारूड्याला शिव्या घालण्यात आणि चोराला फासावर चढवण्यात अर्थ नाही. ज्यांच्या हाती परिस्थिती आहे त्यांना जाब विचारला पाहिजे. चर्चचा पाया माणसाच्या पापावर आणि वैयक्तिक जबाबदारीवर उभा होता, त्यामुळे धर्ममार्तंड ओवेनवर तुटून पडले. १८१७ साली लंडनच्या जाहीर सभेत त्याने सर्व धर्मांवर उघड टीका केल्यावर उमरावांनीही त्याच्याकडे पाठ फिरवायला सुरुवात केली. हे स्वाभाविकच होते. ज्या समाजात ‘तुझी स्थिती ही तुझ्याच पूर्वकर्माचे फळ’ असे सांगून माणसाला गावकुसाबाहेर बसवले गेले, त्या समाजात वाढलेल्या वाचकाला ओवेनचे हे एक वाक्य केवढे मोकळे करणारे आहे हे मला वर्गात दरवर्षी दिसते. मी हा विचार फळ्यावर लिहितो तेव्हा मागच्या बाकांवरची मुले वर बघतात.

चौथ्या निबंधात तो आणखी पुढे जातो आणि सरकारला पकडतो. सरकार जिनच्या दुकानांना परवाने देते, सोडती काढते, लोकांना पिण्याची नि जुगाराची चटक लावते, त्यावर महसूल मिळवते. आणि मग त्याच चटकेपोटी गुन्हा घडला की त्याच माणसाला शिक्षा करते. ओवेनची मागणी होती की, परवाने दरसाल कमी करीत जावेत आणि दारूवरील कर वाढवीत न्यावा. सरकारचा एक हात पाजतो आणि दुसरा फटके मारतो हे इतक्या स्पष्टपणे त्या काळी थोड्यांनी सांगितले.

येथपर्यंत ओवेन आपला वाटतो. आता पुस्तक उलट बाजूने वाचू.

मूळ आवृत्तीतल्या चार निबंधांच्या अर्पणपत्रिका पाहाव्यात. पहिला निबंध गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या विल्बरफोर्सला. दुसरा ब्रिटिश जनतेला. तिसरा कारखान्यांच्या व्यवस्थापकांना. चौथा राजपुत्राला. ज्यांच्या दारूबद्दल, चोरीबद्दल, मुलांबद्दल हे पुस्तक बोलते त्या गिरणी-कामगारांना उद्देशून एकही निबंध नाही. मजूर या पुस्तकाचा विषय आहे, वाचक नाही. अर्पणपत्रिका ही शोभेची गोष्ट म्हणून आपण पान उलटतो. पण लेखक कोणाकडे तोंड करून उभा आहे हे तेथेच कळते.

तिसऱ्या निबंधाच्या आरंभी व्यवस्थापकांना जे आवाहन आहे ते तर सरळसरळ धंद्याचे आहे. तुम्ही निर्जीव यंत्रे पुसूनपासून नीट ठेवता, त्यांत भांडवल घालता आणि त्याचा फायदा तुम्हांला दिसतो. मग त्याहून नाजूक आणि गुंतागुंतीची जी सजीव यंत्रे आहेत त्यांच्याकडे तेवढेच लक्ष का देत नाही? त्यांच्यावर घातलेला पैसा शेकडा पाच, दहा, पंधरा नव्हे, पन्नास आणि कित्येकदा शंभर टक्के परतावा देईल. ‘सजीव यंत्र’ हा शब्द येथे थांबून ऐकला पाहिजे. कोणी म्हणेल, मालकांना पटवायचे तर मालकांच्या भाषेत बोलावे लागते. हे मान्य केले तरी प्रश्न उरतो. ज्या दारूबंदीचे समर्थन परताव्याच्या टक्क्यांत केले जाते तिच्यात मजुराची शुद्ध कोणाच्या मालकीची असते? यंत्राला तेल घालणारा यंत्रावर प्रेम करतो असे आपण म्हणत नाही.

न्यू लॅनार्कच्या गिरणीत प्रत्येक मजुराच्या जागेजवळ एक लहानसा चौकोनी लाकडी ठोकळा टांगलेला असे. चार बाजूंना चार रंग. काळा म्हणजे वाईट, निळा म्हणजे बेताचा, पिवळा म्हणजे चांगला, पांढरा म्हणजे उत्तम. आदल्या दिवसाच्या वागण्याप्रमाणे देखरेख करणारा तो फिरवून ठेवी आणि रोजची नोंद वर्तनाच्या वहीत होई. ओवेन गिरणीतून फिरताना कोणाला काही बोलत नसे. आधी ठोकळ्याकडे आणि मग माणसाकडे बघे. या योजनेचा त्याला मोठा अभिमान होता, कारण मारझोड आणि शिवीगाळ तिने बंद पडली. त्या काळच्या गिरण्यांत मुलांना पट्ट्याने मारीत, हे लक्षात घेता ही सुधारणाच होती. परंतु काळा रंग म्हणजे वाईट हे लहानपणापासून अंगावर वागवलेल्या वाचकाला त्या ठोकळ्यासमोर दिवसभर उभे राहणे कसे असेल याची कल्पना करायला फार श्रम पडत नाहीत. घरांच्या स्वच्छतेचीही अशीच तपासणी होई. मजूर शुद्धीत होता, पण सतत कोणाच्या तरी नजरेखाली शुद्धीत होता.

१८१९ साली रॉबर्ट सदी हा कवी न्यू लॅनार्क पाहून गेला. हा माणूस तोवर राजसत्तेच्या बाजूला गेलेला, म्हणजे काही मजुरांचा कैवारी नव्हे. पण त्याने आपल्या प्रवासाच्या रोजनिशीत नोंदविले की, हे सारे प्रकरण गुलामांच्या मळ्याहून फारसे निराळे नाही. फरक एवढाच की येथली माणसे गोरी आहेत आणि त्यांना नोकरी सोडून जाण्याचा कायदेशीर हक्क आहे. असली गोष्ट कधी कधी विरोधी छावणीतल्या माणसालाच आधी दिसते. आणि ओवेननेही ती नाकारली नाही. ही माणसे माझ्या मर्जीवरची गुलामच होती, असे त्याने पुढे स्वतःच म्हटल्याचे एंगल्सने नमूद केले आहे. अडीच हजारांची ही वस्ती जेवढे उत्पादन काढते तेवढ्यासाठी अर्ध्या शतकापूर्वी सहा लाख माणसे लागली असती, तर मधला फरक जातो कोठे, असा प्रश्न ओवेनने अखेर केला. उत्तर त्याच्या हिशेबाच्या वहीतच होते. भागीदारांना भांडवलावर शेकडा पाच व्याज आणि वर तीन लाख पौंडांहून अधिक नफा.

त्याने जे केले ते कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. दहा वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घेणे त्याने बंद केले, कामाचे तास पावणेअकरापर्यंत खाली आणले, १८१६ साली मुलांसाठी आणि रात्री मोठ्यांसाठी शिक्षणसंस्था उघडली. त्याने पार्लमेंटपुढे साक्ष दिली, रेटा लावला, आणि शेवटी १८१९ चा कारखाना-कायदा आला. तोही इतरांनी पातळ करून टाकलेला. आपल्या येथल्या किती गिरणीमालकांच्या नावावर एवढे मांडता येईल?

परंतु दलित वाचकाची नजर जेथे अडखळते ती जागा वेगळीच आहे. न्यू लॅनार्कच्या यंत्रांवर चढणारा कापूस येत होता कोठून? ब्रिटनच्या सूतगिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा फार मोठा भाग त्या काळी वेस्ट इंडीजच्या आणि अमेरिकेच्या गुलामांच्या मळ्यांतून येत होता. परिस्थिती माणसाला घडवते हे सूत्र क्लाइडच्या काठी चालत होते. कापूस वेचणाऱ्या हातापर्यंत ते पोचले नव्हते. पुढे १८२५ साली ओवेनने अमेरिकेत इंडियाना राज्यात न्यू हार्मनी ही आदर्श वसाहत काढली. तिच्या पहिल्या घटनेत सभासदत्व सर्व वयांच्या आणि सर्व प्रकारच्या लोकांना खुले ठेवले होते. फक्त वर्णाने काळे असलेले वगळून. गरज पडल्यास त्यांना मदतनीस म्हणून घेता येईल, अशी पुढची सोय. मदतनीस! शब्द किती सभ्य आहे पाहा. समतेचे गाव वसवायचे आणि त्याला वेस ठेवायची, वेशीबाहेरच्याला कामापुरते आत घ्यायचे, ही रचना ज्याने ओळखली नाही असा वाचक या पानांना मिळणार नाही. न्यू हार्मनी दोन-अडीच वर्षांत मोडली. तिच्या अपयशाची कारणे सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. या कलमाकडे बराच काळ कोणी फारसे बघत नव्हते.

ओवेनच्या विचाराची दुसरी बाजू मळ्यावरूनच दिसते. फ्रेडरिक डग्लस हा गुलामगिरीतून पळून आलेला लेखक. १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात तो सांगतो की, नाताळापासून नव्या वर्षापर्यंतच्या सुटीत गुलामांनी भरपूर प्यावे असे मालकांनाच वाटे. कोण जास्त पितो याच्या पैजा मालक लावीत. हेतू असा की, स्वातंत्र्य म्हणजे हीच झिंग आणि हीच उलटी असे गुलामाला वाटावे, आणि सुटी संपल्यावर तो मुकाट्याने शेतात परतावा. एक मालक पाजतो, दुसरा पिऊ देत नाही. दोघांनाही दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस कामावर हवा आहे. ओवेन आणि मळेवाला सारखे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण माणसाने शुद्धीत असावे की बेशुद्ध हे ठरविण्याचा अधिकार दोन्हीकडे मालकाच्याच हाती आहे. डग्लस हे सांगू शकला कारण तो त्या झिंगेच्या आतून बाहेर आला होता. ओवेनच्या पुस्तकात दारू सोडलेले लोक आहेत, पण त्यांतल्या एकाचेही नाव नाही, एकही जण स्वतः बोलत नाही. गिरणीत बायका आणि मुले बहुसंख्येने होती. नवऱ्याच्या किंवा बापाच्या पिण्याबद्दल त्यांचे काय म्हणणे होते ते या पुस्तकावरून कळत नाही. आपल्याकडे ‘बलुतं’ने (१९७८) बापाचे पिणे जेव्हा उघड्यावर मांडले तेव्हा आपल्यातल्याच कित्येकांना ते झोंबले. परंतु तो बाप आकडा नव्हता, कोणाच्या प्रयोगाचा नमुना नव्हता. मुलगा बापाबद्दल बोलत होता. ओवेनकडे नसलेले नेमके हेच आहे.

मार्क्सने १८४५ साली फॉयरबाखवरच्या टिपणांत या विचाराचे मर्म पकडले. माणूस परिस्थितीने घडतो असे म्हणणारे लोक हे विसरतात की परिस्थिती बदलणारीही माणसेच असतात आणि शिकवणाऱ्यालाही आधी शिकावे लागते. हे विसरले की समाजाचे दोन भाग पडतात आणि त्यांतला एक भाग उरलेल्या समाजाच्या वर जाऊन बसतो. एंगल्सने १८८८ साली ही टिपणे छापताना येथे उदाहरण म्हणून ओवेनचे नाव घातले. आता हे नुसते तत्त्वज्ञानातले भांडण नाही, हे इंग्लंडमध्येच दिसून आले. तेथल्या प्रतिष्ठितांनी काढलेल्या सुरुवातीच्या दारूविरोधी संस्था फक्त कडक दारूवर बंदी सांगत. त्यांच्या स्वतःच्या जेवणाच्या टेबलावरची वाइन सुरक्षित राही. १८३२ साली प्रेस्टन या गिरण्यांच्या गावी सात जणांनी सगळ्याच मादक पेयांचा त्याग करण्याची शपथ घेतली. त्यांचा पुढारी जोसेफ लिव्हझी हा लहानपणी पोरका झालेला, तळघरात हातमागावर विणकाम केलेला आणि पुढे चीज विकून पोट भरणारा माणूस होता. या चळवळीतून कामगारांचे मेळावे, वाचनालये, पत्रके निघाली. पुढे मताच्या हक्कासाठी लढणाऱ्या चार्टिस्टांपैकी काहींनी तीच शपथ राजकारणात आणली: शुद्धीत राहा, म्हणजे तुम्ही मताला लायक नाही असे म्हणायला त्यांना जागा उरणार नाही. या म्हणण्यातही धोका होता, कारण हक्क हा चांगल्या वागणुकीचे बक्षीस नसतो. तरी तेथे शपथ घेणारा आणि शपथ घ्यायला लावणारा एकच होता.

आपल्या चळवळीने या प्रश्नाचे दोन भाग केव्हाच वेगळे केले आहेत, फक्त आपण ते नीट जोडून वाचलेले नाहीत. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी १८८० साली शहरात दारूची दुकाने वाढविण्यास लेखी विरोध केला. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ चा. त्यानंतर दारू हा सरकारच्या उत्पन्नाचा घट्ट बांधलेला झरा झालेला होता, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्या विरोधाचे वजन कळते. जोतीरावांचा रोख पिणाऱ्यावर नाही, परवाना देणाऱ्यावर आहे. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी-कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यात कामगारांनी काय मागितले? आठवड्याची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सूर्यास्तापर्यंतच काम, वेळेवर पगार, अपघात झाल्यास भरपाई. मजुराला स्वतःचे तोंड मिळाले तेव्हा तो आधी झोपेबद्दल आणि पगाराच्या तारखेबद्दल बोलला. हे निवेदन ओवेनच्या दुसऱ्या निबंधाशेजारी ठेवून वाचावे असे मी विद्यार्थ्यांना सुचवीन.

बाबासाहेबांच्या भूमिकेत तर वरवर पाहता विसंगती दिसते आणि विरोधक ती मिटक्या मारीत दाखवतात. १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदीला स्पष्ट विरोध आहे. लोककल्याणाच्या कामांना पैसा कोठून आणायचा या विचारात, दारूबंदीपायी बुडणारा महसूल वाचवावा असे तेथे म्हटले आहे. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांना त्यांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत ‘मी दारू पिणार नाही’ ही आहे. ओवेन वाचल्यावर ही विसंगती मला तरी दिसत नाहीशी झाली. सरकारच्या बंदीत पोलीस दारात येतो, आणि तो कोणत्या वस्तीच्या दारात येतो हे सर्वांना माहीत आहे. साहेबांच्या क्लबात परमिटची सोय असते आणि झोपडपट्टीत हातभट्टीचे विष. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत त्या विषाने शंभराहून अधिक माणसे मेली. प्रतिज्ञेत मात्र कर्ता ‘मी’ आहे. ज्याला शतकानुशतके इतरांनी घडविले, बिघडविले, पाजले आणि हिणवले, तो त्या दिवशी प्रथमच स्वतःच्या घडणीचा कर्ता म्हणून बोलला. परिस्थितीने घडविलेला माणूस परिस्थितीविरुद्ध उभा कसा राहतो, या प्रश्नाला ओवेनकडे उत्तर नव्हते. त्याच्या मते परिस्थिती बदलणारा बाहेरून, वरून यायचा होता.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आपल्या बायकांकडून येईल, म्हणून तो टाळता येत नाही. प्रतिज्ञा पुरुषाने घेतली आणि मोडली, तर? घरात भांडी विकली जातात तेव्हा कर्तेपणाचे तत्त्वज्ञान काय कामाचे? त्यांना गुत्ता हलवणारा ओवेन हवा असतो, आणि त्यांचे चूक आहे असे म्हणण्याचा मला अधिकार वाटत नाही. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीच्या रेट्यानेच १९९३ साली जिल्हाभर दारूबंदी आली. पुढे गावोगावच्या बायकांनी लढून मतपेटीची वाट काढली: उभी बाटली म्हणजे दुकान राहील, आडवी बाटली म्हणजे दुकान जाईल. येथे गुत्ता हलवणारे हात त्याच वस्तीतले आहेत. ओवेनच्या वस्तीत असे मतदान कधी झाले नाही. पण तो नियम आला तेव्हा अट अशी घातली गेली की, झालेल्या मतांपैकी नव्हे, यादीत नाव असलेल्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. मतदानाच्या दिवशी खुरपणीला गेलेली, ऊसतोडीला परगावी असलेली, मरून गेली तरी यादीत राहिलेली, या सगळ्या बायका दुकानदाराच्या बाजूने मोजल्या जात. आमदार निवडून यायला एवढी मते लागत नाहीत.